सागवानी गिटार-बॉडीवरची मधली रेघ दर पावसाळ्यानंतर पुन्हा का उमटते

दोन फळ्या जोडून केलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीवर, जोडाच्या जागी, मधोमध एक रेघ उमटते. एप्रिलमध्ये बॉडी घासून, सीलर मारून, पॉलिश करून ठेवली तेव्हा ती नव्हती. डोळे मिटून हात फिरवला तर जोड कुठे आहे हे सांगता येत नव्हते. ऑगस्ट उजाडला की त्याच पृष्ठभागावरून नख आडवे नेताना ते जोडापाशी किंचित अडखळते आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब त्या जागी मोडल्यासारखे दिसते. सप्टेंबरमध्ये पॉलिश पेपरने ती जागा सपाट करून पुन्हा पॉलिश चढवले, तर मार्चमध्ये रेघ परत हजर होते, आणि या खेपेला पूर्वी उंच असलेली बाजू खाली गेलेली व खाली असलेली बाजू वर आलेली आढळते.

माझ्या पहिल्या सागवानी बॉडीवर हे तीनदा घडले. पहिल्यांदा मी दोष गमला दिला आणि पाण्यात टिकणारा, महागातला गम आणला; दुसऱ्यांदा क्लॅम्प कमी पडले असे ठरवून आणखी चार क्लॅम्प घेतले; तिसऱ्यांदा आपल्याला रंधाच मारता येत नाही अशी समजूत करून घेतली. रंध्याविषयीची समजूत अगदीच खोटी नव्हती, परंतु रेघेशी तिचा काही संबंध नव्हता. बॉडी कापताना उरलेल्या कोपऱ्यात जोडाचा एक तुकडा शिल्लक होता. तो शिकंज्यात धरून हातोडीने फोडला, तेव्हा तो गमच्या जागी न फुटता शेजारच्या लाकडात फुटला. जोड लाकडापेक्षा मजबूत असूनही रेघ येत असेल, तर कारण गमच्या डब्याबाहेर शोधावे लागते.

रेघ कोणत्या जातीची आहे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी रेघ नीट पाहणे आवश्यक आहे, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या चार निरनिराळ्या बिघाडांना आपण ‘जोड दिसतो’ एवढे एकच नाव देतो. खोली अंधारी करून टॉर्च बॉडीच्या कडेवर जवळजवळ आडवा धरावा आणि तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी जोडाला काटकोनात, तिच्या कडेवर उभी ठेवावी. पट्टीखालून प्रकाश कुठे झिरपतो यावरून जात कळते.

पट्टी जोडावर टेकते आणि दोन्ही बाजूंना डुलते, म्हणजे तिथे गमचा बारीक उंचवटा आहे. लाकूड आकसले आणि गमची पापुद्र्यासारखी कड तशीच वर राहिली, असा त्याचा अर्थ होतो. पांढरा गम उन्हात मऊ पडतो आणि ताणाखाली हळूहळू सरकतो, त्यामुळे गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छपराखाली राहिलेल्या गिटारवर हे विशेष दिसते.

दोन्ही फळ्या सारख्या उंचीच्या आहेत पण जोडालगत काही मिलिमीटर रुंदीची उथळ खळगी आहे, तर घाई झाली आहे. पांढऱ्या गममध्ये सुमारे निम्मे पाणी असते. ते पाणी जोडालगतच्या लाकडात शिरते आणि तेवढाच पट्टा फुगतो. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प सोडून लगेच रंधा मारला तर तो फुगवटा सपाट होतो, आणि पुढच्या आठवड्यात पाणी उडून गेले की त्याच जागी लाकूड खाली बसते. या दोषाचे एक बरे आहे की तो सहसा एकदाच येतो. लाकूड वाळल्यावर पुन्हा सपाट केले की संपतो.

जोड मध्ये घट्ट आणि दोन्ही टोकांना केसाएवढी फट, हा तिसरा प्रकार. लाकडाच्या आडव्या कापातून, म्हणजे फळीच्या टोकांतून, पाणी सर्वांत वेगाने ये-जा करते. त्यामुळे टोके मधल्या भागाच्या आधी वाळून आकसतात आणि जोड तिथून उलतो.

चौथा प्रकार पायरीचा. पट्टी एका फळीवर पूर्ण टेकते आणि दुसऱ्या फळीवर तिच्या सबंध रुंदीभर एकसारखी अधांतरी राहते. ऋतूनुसार बाजू बदलणारी, कितीही घासली तरी परतणारी रेघ जवळजवळ नेहमी याच जातीची असते, आणि या लेखाचा बहुतेक भाग तिच्यासाठीच आहे.

पायरी कशी तयार होते

लाकूड सगळ्या दिशांनी सारखे फुगत नाही. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलतच नाही. वार्षिक वलयांना छेदत गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ते थोडे हलते आणि वलयांच्या कडेकडेने जाणाऱ्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. सागाचे आकडे पाहू. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत जाताना साग पहिल्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आणि दुसऱ्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो. लाकूड हलू लागते ते ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली आल्यावर, म्हणून ओलाव्याच्या दर एका टक्क्याला हे प्रमाण अंदाजे 0.08 आणि 0.19 टक्के पडते.

आता दोन फळ्यांची टोके पाहावीत. एका फळीच्या टोकावर वलये आडवी, झोपलेली दिसतात. ती ओंडक्याच्या बाजूने चिरलेली. दुसऱ्या फळीच्या टोकावर वलये उभी दिसतात. ती गाभ्याजवळून चिरलेली. बॉडीची जाडी 45 मिलिमीटर धरू. पॉलिश केलेल्या बॉडीचा ओलावा उन्हाळा आणि पावसाळा यांमध्ये 4 टक्क्यांनी बदलला, असे धरणे अतिशयोक्तीचे नाही. आडव्या वलयांची फळी जाडीत सुमारे 0.15 मिलिमीटरने बदलेल आणि उभ्या वलयांची फळी सुमारे 0.34 मिलिमीटरने. फरक जवळजवळ 0.2 मिलिमीटर झाला. तो पुढून आणि मागून वाटला गेला तरी प्रत्येक बाजूला 0.1 मिलिमीटरची पायरी उरते. झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी एवढीच असते, आणि टेबलावर पडलेल्या कागदाची कड नखाला किती स्पष्ट लागते हे ज्याचे त्याने पाहावे.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की जगातला कोणताही गम ही पायरी थांबवू शकत नाही, कारण गम फळ्यांना एकमेकींपासून सुटू देत नाही, पण त्यांनी किती जाड व्हावे हे ठरवत नाही. दुसरी अशी की पावसाळ्यात पायरी घासून सपाट केली, म्हणजे उन्हाळ्यात उलटी पायरी यावी याची आपणच तजवीज केली. तीन वर्षे मी नेमके हेच करत होतो.

पहिल्या बॉडीचे उरलेले दोन तुकडे शेजारी ठेवून टोके ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा एकाची वलये धनुष्यासारखी आडवी आणि दुसऱ्याची दाराच्या गजांसारखी उभी दिसली. वखारीत फळ्या निवडताना मी रंग जुळवला होता, काळ्या शिरा जुळवल्या होत्या, टोकांकडे मात्र पाहिलेच नव्हते. टोकांना तिथे लाल रंग फासलेला असतो आणि त्यावर खडूने घनफूट लिहिलेले असते, ही सबब मी स्वतःला अनेक दिवस देत राहिलो.

हवेतले पाणी

पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक वेळ 80 च्या वर असते. लाकूड ज्या हवेत राहते तिच्याशी ते हळूहळू समतोल साधते. 30 टक्के आर्द्रतेत तो समतोल लाकडाच्या सुमारे 6 टक्के ओलाव्यापाशी, 50 टक्क्यांत 9 च्या आसपास, 65 टक्क्यांत 12 च्या जवळ आणि 80 टक्क्यांत जवळजवळ 16 टक्क्यांपाशी येतो. पातळ पट्टी काही दिवसांत तिथे पोहोचते. 45 मिलिमीटर जाडीच्या, पॉलिश केलेल्या बॉडीला महिने लागतात, म्हणून ती या दोन्ही टोकाच्या आकड्यांपर्यंत जात नाही आणि मधल्या मध्ये डोलत राहते.

कोकणातली गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे हवा वर्षभर दमट असल्याने डोलणे कमी, पण मुळातला ओलावा अधिक. रत्नागिरीत वर्षानुवर्षे निमूट राहिलेली बॉडी मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, किंवा दिवसरात्र एसी चालणाऱ्या मुंबईतल्या खोलीत, पहिल्याच हंगामात जोड दाखवू लागते. थंड देशांत हिवाळ्यात घर गरम केले की आतली हवा आपल्या मे महिन्याइतकी किंवा त्याहूनही कोरडी होते. नातेवाइकांसाठी गिटार करून परदेशी धाडणाऱ्यांनी हा हिशेब आधीच केलेला बरा.

‘सुका माल’ किती सुका

‘दोन वर्षांचा सुका माल आहे, साहेब,’ असे ज्या फळीबद्दल मला सांगण्यात आले होते, तिच्या मधल्या भागाचा ओलावा मी घरी मोजला. तो जवळजवळ 18 टक्के निघाला. सांगणारा खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. दारे-खिडक्या करणाऱ्यासाठी तो माल सुकाच आहे. दाराचा गाळा एक सूत हलला तर सुतार पावसाळ्यात येऊन रंधा मारून जातो; गिटारच्या बॉडीला ती सवलत नाही.

मोजण्याची रीत सोपी आहे. फळीच्या टोकापासून निदान एक फूट आत जाऊन, लांबीच्या दिशेने 25 मिलिमीटर एवढा आडवा तुकडा कापावा, कारण टोकाचे लाकूड नेहमीच अधिक कोरडे असते आणि फसवते. तुकड्यावरचा भुसा आणि कुसळे झटकून तो ताबडतोब तोलावा. एक ग्रॅमपर्यंतच मोजणारा स्वयंपाकघरातला काटा यासाठी चालत नाही. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा बाजारात काही शे रुपयांना मिळतो. मग तुकडा ओव्हनमध्ये 103 अंशांच्या आसपास ठेवावा आणि दर दोन-तीन तासांनी तोलत राहावे. लागोपाठ दोन वजने सारखी आली की पाणी संपले. माझा तुकडा सुरुवातीला 148.60 ग्रॅम होता आणि शेवटी 126.20 ग्रॅम राहिला. उडालेले पाणी 22.40 ग्रॅम, त्याला कोरड्या वजनाने भागले की 17.75 टक्के. भागायचे ते कोरड्या वजनाने, ओल्या नव्हे. ही चूक फार सर्रास होते आणि तिने आकडा दोन-तीन टक्क्यांनी कमी, म्हणजे आपल्याला हवा तसा येतो. घरातला ओव्हन वापरणार असाल तर घरच्यांना विचारून वापरावा. सागाचा तो जुन्या चामड्यासारखा वास आमच्याकडे पुढच्या दोन केकना होता, आणि ते अजून काढले जाते.

सुया टोचायचा मॉइश्चर मीटर सोयीचा आहे, परंतु त्याचा आकडा लाकडाच्या जातीनुसार सरकतो आणि छोट्या सुया वरच्या काही मिलिमीटरांचीच खबर देतात. ताज्या कापलेल्या टोकाच्या मध्यभागी टोचला तर उपयोग होतो. मी तो निवडीसाठी वापरतो, निर्णयासाठी नाही.

ओव्हनची परीक्षा एकदा केली की पुढचे काम वजनानेच होते. त्याच फळीचा माझा राखलेला भाग 520 मिलिमीटर लांब, 180 रुंद आणि 52 जाड होता आणि त्याचे वजन 3,120 ग्रॅम भरले. 17.75 टक्के ओलावा धरून कोरडे वजन 2,650 ग्रॅम येते, आणि 10 टक्के ओलाव्याला तीच फळी सुमारे 2,915 ग्रॅमची असायला हवी. म्हणजे तिच्यातून अजून 205 ग्रॅम, एक पेलाभर पाणी, जायचे होते. हे लक्ष्य पेन्सिलीने फळीवरच लिहावे आणि दर रविवारी त्याखाली नवे वजन लिहीत जावे. केवळ ‘वजन उतरायचे थांबले’ एवढ्यावर समाधान मानू नये, कारण जुलैत ते 15 टक्क्यांवरही थांबते.

सुकवताना टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंट लावावा, फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या सारख्या पट्ट्या एकावर एक येतील अशा ठेवाव्यात, आणि थप्पी जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर, पंख्याच्या वाऱ्यात पण उन्हाबाहेर असावी. पावसाळ्यात काम अडू नये म्हणून मी प्लायचा एक खोका केला आहे, ज्यात एक साधा गरम होणारा दिवा, संगणकातला जुना पंखा आणि आर्द्रता दाखवणारे घड्याळ आहे. आतली हवा 50 टक्क्यांच्या आसपास राहिली की पुरे, त्याहून घाई केली तर फळी वरून वाळते आणि आतून ओली राहून पुढे कापताना वाकते. दिवा लाकडापासून आणि भुशापासून वीतभर तरी दूर हवा, आणि घरात कोणी नसताना तो बंद हवा.

कापणे आणि जोडणे

बॉडीचे दोन्ही अर्ध एकाच फळीतून, लांबीने एकापुढे एक असलेले, घेतले तर ओलावा, वय आणि वलयांची दिशा ही तिन्ही आपोआप जुळतात, आणि पायरीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. यासाठी साधारण 180 मिलिमीटर रुंद आणि मीटरभराहून थोडी अधिक लांब फळी लागते. ती मिळत नसेल तर दोन फळ्या चालतील, पण टोके रंध्याने ताजी करून वलयांचा कोन जुळतो का ते पाहावे. थोडा उन्नीस-बीस चालेल, आडवी-उभी जोडी चालणार नाही. शक्य असल्यास उभ्या वलयांच्या फळ्या घ्याव्यात. 330 मिलिमीटर रुंदीची बॉडी 4 टक्के ओलाव्याच्या फरकाने आडव्या वलयांत सुमारे अडीच मिलिमीटर रुंदावते, उभ्या वलयांत एक मिलिमीटरच्या जरा वर. शिवाय आडव्या वलयांची फळी वाळताना सालीकडची बाजू आत घेऊन खोलगट होते, हा त्रास उभ्या वलयांत नाही.

जाडी एका दमात उतरवू नये. 52 वरून 48 मिलिमीटरला दोन्ही बाजूंनी सारखे काढून फळी आठवडाभर उभी ठेवावी, मग वाकली असेल तेवढी सरळ करून पुढे जावे. जोडाच्या कडा रंध्याने सरळ झाल्यावर त्या कोरड्याच एकमेकींवर उभ्या करून मागे टॉर्च धरावा. प्रकाश दिसू नये. क्लॅम्पच्या जोरावर मिटवलेली फट जोडात कायमचा ताण ठेवून जाते, आणि टोकांची फट पुढे तिथूनच सुरू होते.

सागाला त्याचे अंगचे तेल असते आणि ते ताज्या कडेवर हळूहळू वर येते. म्हणून शेवटचा रंधा आणि गम यांमध्ये एक-दोन तासांपेक्षा अधिक वेळ जाऊ देऊ नये. रात्र गेली असेल तर पुन्हा एक पातळ छिलका काढावा. असिटोनने कड पुसून ते उडाले की लगेच गम लावणे हा दुसरा उपाय. सागात वाळूचाच भाऊबंद असलेली सिलिका असते आणि ती पात्याची धार फार लवकर खाते. बोथट पाते लाकूड कापण्याऐवजी दाबून चकाकी आणते आणि त्या चकाकीवर गम धरत नाही, त्यामुळे गमबद्दल तक्रार करण्यापूर्वी पाते पाहावे.

क्लॅम्प आलटून पालटून वर-खाली लावावेत आणि जोडाच्या सबंध लांबीवर गमचे बारीक मणी दिसेपर्यंत दाबावे. चोवीस तासांनी क्लॅम्प काढावेत, पण रंधा मात्र हातात घेऊ नये. जोडलेला पाटा दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा उभा करून निदान आठ दिवस, पावसाळ्यात पंधरा दिवस, तसाच सोडावा. वर सांगितलेली खळगी टाळण्याचा एवढाच उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

साग सोडून

सागाचा हट्ट का, असा प्रश्न मी स्वतःला उशिरा विचारला. जुन्या वाड्यांच्या तुळयांचे सागवान पुण्यात मिळते, दिसायला देखणे असते, आणि ‘शंभर वर्षे वाळलेले’ या शब्दांना मोहिनी आहे. प्रत्यक्षात शंभर वर्षांच्या तुळईतही हवेइतका ओलावा असतोच, आणि चिरल्यावर तिच्यातला जुना ताण सुटून ती नव्या फळीइतकीच हलू शकते. शिवाय आत मोडलेले खिळे असतात, त्यामुळे लोहचुंबक फिरवल्याशिवाय पाते लावू नये. वजनाचा मुद्दा वेगळाच. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने 1950 च्या दशकाच्या आरंभी बॉडीसाठी ॲशचे आणि 1956 पासून मुख्यतः अल्डरचे लाकूड वापरले. अल्डरची घनता घनमीटरला साधारण 450 किलो आणि बॉडी दोन किलोच्या आसपास. साग साधारण 650 किलोचा, म्हणजे तीच बॉडी तीन किलोच्या जवळ जाते आणि दोन तासांच्या कार्यक्रमात खांद्याला जाणवते.

आपल्याकडच्या लाकडांमध्ये शिवण या कामासाठी मला सर्वांत योग्य वाटते. ती अल्डरहून किंचित जड, हत्याराला मऊ, आणि वाळल्यावर जागच्या जागी राहण्याबद्दल सुतारांमध्ये तिचा लौकिक आहे. रंग फिका, रेषा साध्या; जिला रंगानेच झाकायचे आहे त्या बॉडीसाठी आणखी काय हवे. तुणीचे लाकूड महोगनीच्या कुळातले, लालसर, हलके आणि सुवासिक. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांच्या दांड्या आणि तबल्या (भोपळ्यावर बसणाऱ्या पातळ फळ्या) याच लाकडाच्या होतात. त्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुणीच्या काही फळ्यांत रेषा उलटसुलट जातात आणि रंधा त्या उपटतो, तिथे धारदार पात्याने तिरका रंधा मारावा. फणस पिवळाधमक, वीणा आणि मृदंगासाठी जुना परिचयाचा, पण वजनाने सागाच्या जवळपास. आंबा स्वस्त आणि मुबलक आहे. त्याला भुंगा लवकर लागतो आणि ओला राहिला की निळसर डाग पडतात, त्यामुळे कापल्यापासून सुकेपर्यंत त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. शिसव बॉडीसाठी फार जड आहे. तिचा उपयोग पुढे येतो.

आधीच बिघडलेली बॉडी

उंचवटा असेल तर धारदार स्क्रेपरने तो काढून वर पॉलिशचा हात द्यावा. खळगी असेल तर जोड होऊन निदान महिना झाला आहे ना, एवढे पाहून सपाट करावे. दोन्ही कामे ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत करावीत, जेव्हा आपल्याकडची हवा ना फार ओली असते ना फार कोरडी. या काळात सपाट केलेली बॉडी दोन्ही ऋतूंत थोडी थोडी हलते, एकाच ऋतूत सगळी हलत नाही.

टोकाच्या फटीत भुसा आणि गम भरून ती लपवण्याचा मोह आवरावा. भरलेली फट पावसाळ्यात पाचरीसारखी काम करते आणि उन्हाळ्यात आणखी पुढे उलते. फट जिथपर्यंत गेली आहे त्याच्या पुढेपर्यंत जोडावरच करवत घालून बॉडी वेगळी करणे आणि नव्याने जोडणे हाच इलाज आहे.

पायरी असेल तर आधी ठरवावे की ती खरोखर सलते का. जाड रंगाची बॉडी असेल तर जोडावर रंगाचा थर पुन्हा पुन्हा तडकेल; तेलाचा किंवा लाखेचा पातळ हात असेल तर पायरी राहू द्यावी, वाजवताना ती कुणाला कळत नाही. मला ती सलत होती. चौथ्या वर्षी मी नोव्हेंबरमध्ये बॉडी जोडावर उभी चिरली. करवतीच्या पात्याने तीन मिलिमीटर खाल्ले, कडा सरळ करताना आणखी दोन गेले, आणि पिकअपच्या (तारांची कंपने टिपणाऱ्या भागांच्या) खाचा एकमेकींशी जुळेनाशा झाल्या. मग मध्ये पाच मिलिमीटरची शिसवीची पट्टी घातली. तिने गेलेली रुंदी भरून काढली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन विजोड फळ्यांमधली 0.1 मिलिमीटरची पायरी त्या काळ्या पट्टीच्या दोन कडांवर विभागली गेली, जिथे नजर मुळातच रेघ धरून चालते. पट्टीच्या कडा मी पॉलिश पेपरने अगदी किंचित मोडल्या, नखाला जाणवणार नाही इतक्याच.

पॉलिश करताना शिसव आणि साग या दोघांचेही तेल पॉलिएस्टर व पीयू यांना नीट वाळू देत नाही. चिकट राहिलेला थर बहुतेक वेळा यामुळेच असतो. आधी मेणविरहित लाखेचे दोन पातळ हात देऊन तेल आत कोंडावे आणि मग हवे ते चढवावे. पुढच्या-मागच्या बाजूंना सारखेच हात हवेत. पिकअपच्या खाचा, तारांची भोके आणि मागच्या झाकणाखालचा खड्डाही लाखेने बंद करावा, कारण बाहेरून आरशासारखी पॉलिश केलेली बॉडी आतल्या उघड्या खाचेतून पाणी पीत राहते. थर पाण्याला उशीर लावतो, अडवत नाही.

नेक, म्हणजे गिटारची मान, बसवायच्या खाचेचे एक सांगायचे राहिले. तिची रुंदी साधारण 56 मिलिमीटर असते आणि ती रेषांच्या आडवी जाते. ओलावा 16 टक्के असताना राउटरने (लाकडात खाच कोरण्याच्या यंत्राने) घट्ट कापलेली खाच लाकूड 10 वर आले की आडव्या वलयांच्या सागात 0.6 मिलिमीटरने अरुंद होते. नेक मग ठोकून बसवावी लागते, आणि ठोकली की खाचेच्या कोपऱ्यापासून कडेकडे केसासारखी चीर जाते. लोक तिला पॉलिशची चीर समजून वरून भरतात. माझी ती खाच आता नेक हाताने दाबून बसेल आणि बॉडी उचलली तर पडणार नाही, एवढी सैल आहे. चिरून जोडल्यानंतरच्या पहिल्या ऑगस्टमध्ये आणि त्यापुढच्या मेमध्ये पट्टी पुन्हा आडवी ठेवून पाहिली. पायरी आहे. टॉर्च लावल्यावर दिसते, नख मात्र आता तिच्यावरून निघून जाते.